एका क्रियापदाचे मास्तर

आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायला नवे मास्तर आले, ते पहिल्याच शनिवारी माझ्या ड्रिलच्या तासाला मैदानावर येऊन उभे राहिले. उभे राहिले म्हणायचं एवढंच. खरं तर ते माझ्याभोवती फिरत राहिले. मुलं रांगेत हात वर-खाली करत होती आणि हे गृहस्थ, काळा कोट, धोतर, डोक्यावर जराशी मागे सरकलेली टोपी, माझ्या उजव्या बाजूने निघून डाव्या बाजूला उगवत होते. मी शिट्टी वाजवून मुलांना आरामात उभं केलं. तेव्हा ते म्हणाले, "ड्रिलमास्तर, मला फेकायला शिकवाल का?"

"काय फेकायला?"

"काहीही. चेंडू, दगड, गोळा. मी वर्गात रोज 'थ्रो' शिकवतो. पण आयुष्यात मी स्वतः काही धड फेकलेलं नाही. हे बरोबर नाही."

मला वाटलं, माणूस चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. त्या दिवसापासून मुलं घरी गेल्यावर अर्धा-पाऊण तास मी त्यांना चेंडू फेकायला शिकवत असे. त्यांना ते कधीच जमलं नाही. हात मागे नेला की ते थांबत आणि विचारत, "आता या क्षणी मी फेकतोय, की अजून फेकलेलं नाही? क्रिया सुरू कुठं होते?" तेवढ्यात चेंडू हातातून निसटून पायापाशी पडत असे.

ही नंदुरबारची गोष्ट आहे, इंग्रजांचं राज्य असतानाची. मी कळसाडीचा, शहादं तालुक्यातला. आमची शेती होती. ती थोरला भाऊ बघे आणि मी शाळेत नोकरीला होतो. घरी आम्ही अहिराणी बोलत असू. शाळेत आलो की पुस्तकी मराठी तोंडात घ्यायची, शाळा सुटली की ती पुन्हा टोपीसारखी खुंटीला अडकवायची, असा आमचा रिवाज. मास्तर पुण्याकडचे. त्यांच्या घरचं कोण, कुठं, हे कधी कळलं नाही. विचारलं तर ते तापीच्या पाण्याबद्दल बोलायला लागत.

त्यांना खुर्चीत बसवत नसे. वर्गात ते चालत शिकवायचे. वाक्य फळ्यापाशी सुरू करायचे, बोलत बोलत दारातून व्हरांड्यात जायचे आणि मागच्या खिडकीतून डोकं आत घालून वाक्य पुरं करायचे. मुलं माना वळवून वळवून दमत. डबा ते उभ्याने खात. नंदुरबारात त्यांनी चार वर्षांत पाच खोल्या बदलल्या. कारण विचारलं तर म्हणत, "तिथल्या भिंती पाठ झाल्या होत्या." संध्याकाळी स्टेशनवर जात, सुरतेकडची गाडी येऊन गेली की परत येत. कुणाला घ्यायला नाही, सोडायला नाही. आणि हात? हाताला सतत काहीतरी पिळायला लागायचं. खडू, उपरण्याचं टोक, परीक्षेच्या पेपराचा कोपरा. मुलांच्या उत्तरपत्रिका परत येत त्या सगळ्या कोपऱ्यांशी सुरळ्या झालेल्या.

"बसलं की शब्द झोपतात," असं ते म्हणत. आणखी एक ते नेहमी म्हणत, "इंग्रजांनी एवढं राज्य तोफांवर मिळवलं असं लोक समजतात. चार-पाच क्रियापदांवर मिळवलंय त्यांनी. त्यातलं एक मी धरलंय."

ते धरलेलं क्रियापद म्हणजे थ्रो. त्यांच्याकडे पुठ्ठा गेलेला एक जाडजूड कोश होता. त्यात त्या एका शब्दाची पानंच्या पानं होती आणि समासात मास्तरांचं मुंगीएवढं अक्षर. मैदानाला फेऱ्या मारताना ते मला सांगत सुटायचे. इंग्रजाचा घोडा स्वाराला 'थ्रो' करतो. इंग्रज नदीवर पूल 'थ्रो' करतो. खांद्यावर शाल, कुणावर संशय, अंधारावर उजेड, सगळं 'थ्रो'. कुंभार मडकं करतो तेही 'थ्रो'.

"मडकं?" मी म्हणालो. "मडकं फेकलं तर फुटेल ना, मास्तर."

"तेच तर!" असं म्हणून ते इतक्या जोरात वळले, की मी एकटाच चार पावलं पुढे गेलो.

पुढच्या रविवारी त्यांनी मला रनाळ्याला नेलं. तिथं एक म्हातारा कुंभार होता. मास्तर त्याच्या चाकाशेजारी जाऊन त्याला म्हणाले, "बाबा, तुम्ही यात फेकता केव्हा, तेवढं दाखवा."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी अहिराणीत समजावलं. तो हसला. "मी काय फेकस, मास्तर? मी ते फिरावस. हात नुसता धरी ठेवस. बाकी चाक करस."

मास्तरांनी त्या चिखलात उकिडवं बसून म्हाताऱ्याचे ओले हात धरले. म्हाताऱ्याला काय करावं कळेना. परतीच्या वाटेवर मास्तर जवळजवळ पळत होते. "या माणसाला जे माहीत आहे, ते माझ्या वर्गात कुणाला माहीत नाही. ऐका. फार जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ फेकणं नव्हताच. पिळणं, गरगर फिरवणं, हा होता. दोऱ्याला इंग्रज थ्रेड म्हणतो ना? पीळ दिलेला तो थ्रेड. थ्रो आणि थ्रेड सख्खे भाऊ आहेत. पिळण्याचं फेकणं कसं झालं, हे मात्र कुणी नीट सांगत नाही."

"गोफण," मी सहज म्हणालो.

ते थबकले.

"गरगर फिरवल्याशिवाय गोफणीतला दगड सुटतो का?" मी म्हणालो. "फिरवणं आणि फेकणं एकच की."

त्यांनी मला रस्त्यात मिठी मारली. बैलगाडीतले लोक बघत होते. दुसऱ्या दिवशी ते कुठून तरी गोफण घेऊन आले. मी म्हणालो, "लांब माळावर जाऊ." त्यांना तेवढा धीर नव्हता. शाळेमागेच त्यांनी गोफण फिरवली. दगड पुढे जायचा तो मागे गेला आणि हेडमास्तरांच्या खोलीबाहेरचा पाण्याचा माठ फुटला. हेडमास्तर बाहेर आले तेव्हा मास्तर भिजलेल्या व्हरांड्यात फेऱ्या मारत होते. "सर, मला क्षमा करा. पण अर्थ लागला."

मलाही हळूहळू त्याचा नाद लागला. ते इंग्रजीतले सांगत आणि मी आमचे शोधी. इंग्रजीत थ्रो असेल, तर आमच्यात 'टाकणं' आहे, असं मी एकदा म्हटलं. पाऊल टाकतो, उसासा टाकतो, साप कात टाकतो, म्हातारा माणूस अंग टाकतो, बैल मान टाकतो. एखादी बाई नवऱ्याने टाकलेली असते. यातलं एकही फेकणं नाही. मास्तर चालता चालता वहीत लिहून घेत आणि म्हणत, "ड्रिलमास्तर, तुम्ही उगाच शिट्टी वाजवत बसलात." माझी छाती फुगे.

एवढं सगळं सांगितलं ते मास्तर कसे होते ते कळावं म्हणून. आता जे घडलं ते सांगतो.

त्या वर्षी भावाने मळ्यात विहीर खोदायला घेतली. खाली खोदणाऱ्यांवर देखरेखीला आमचा चुलतभाऊ रामदास होता. वर चाकावरून दगडमातीची टोपली ओढायला जेमा आणि त्याची बायको. जेमा खापर गावाच्या पलीकडचा, डोंगरातला भिल्ल. घरी त्याची बोली वेगळी, आमच्याशी तो अहिराणीत बोले. दरवर्षी हिवाळा लागला की तो खोदकामाला खाली उतरे आणि होळीच्या आधी काहीही झालं तरी घरी परते. त्या वर्षी रामदासने त्याला सोडलं नाही. खडक लागलाय, आता काम मोडायचं नाही, म्हणाला. त्यावरून दोघांची सगळ्यांसमोर बाचाबाची झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भरलेलं टोपलं रामदासच्या अंगावर पडलं. मांडीचं हाड मोडलं, बरगड्या मोडल्या. दोन दिवस तो शुद्धीवर नव्हता. जेमाला शिपायांनी नेलं.

मला निरोप मिळाला आणि मी कळसाडीला गेलो. रामदासच्या उशाशी त्याची आई बसली होती. मी मळ्यात गेलो. विहिरीवर कुणी नव्हतं. चाकावर नवाकोरा नाडा, टोपली ओढायचा जाड दोर, होता, पिवळा, कुठं हात लागलेला नाही असा. मी तो पाहून जागीच थांबलो. संक्रांतीला आलो होतो तेव्हा मी स्वतः जुना नाडा बघितला होता. एका जागी पीळ सुटून तो कुसळासारखा फुलला होता. "दादा, हाऊ बदली टाक," असं मी भावाला म्हणालो होतो. आणखी चार दिवस निघतील, असं तो म्हणाला होता.

गोठ्यात कडब्यामागे मला तो जुना नाडा सापडला. दोन तुकडे.

मी भावाला गाठलं. "दादा, नाडा तुटना ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. गाईला पाणी दाखवत होता. "तू शाळा संभाळ."

"जेमा कोठडीत शे."

"रामदास खाटवर शे," तो म्हणाला. "मन्हा नाडानी पडना असं गावले सांगू? काकूले काय तोंड दावू?"

मी परत आलो. कुणालाच काही बोललो नाही.

मास्तरांनी मात्र मला गाठलंच. मैदानावर मी मुलांना चुकीच्या पायावर वळवत होतो, ते त्यांनी पाहिलं होतं. शाळा सुटल्यावर आम्ही फेऱ्या मारायला लागलो. नाड्याचं सोडून बाकी सगळं मी त्यांना सांगितलं. शिपायांसमोर जेमा एकच वाक्य बोलत होता, ते भावाच्या बायकोने मला ऐकवलं होतं. तेही मी सांगितलं. "नाडा तुटना, मी टोपलं टाकी दिन्हं."

मास्तर थांबले. त्यांचा हात उपरण्याच्या टोकावर होता, तो तिथंच राहिला.

"काय म्हणाला? पुन्हा सांगा. त्याचेच शब्द."

"मी टोपलं टाकी दिन्हं."

"भिल्ल? विहिरीचं काम? कळसाडी?"

"हो. का?"

त्यांचा चेहरा उतरला. "ड्रिलमास्तर, हा कागद माझ्या हाताखालून गेलाय."

मला ठाऊक होतं की प्रांतसाहेबांच्या कचेरीतून मराठी कागद इंग्रजी करायला अधूनमधून मास्तरांकडे येत. साहेब इंग्रज, त्यांना मराठी यथातथाच. त्या आठवड्यात एक गठ्ठा आला होता. मास्तरांनी तो नेहमीसारखा खोलीत येरझाऱ्या घालत, खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून, उभ्याउभ्याने केला होता. शिपायाने जबाबात लिहिलं होतं, 'मी टोपले खाली टाकून दिले.' मास्तरांनी इंग्रजीत केलं होतं, 'मी टोपलं खाली थ्रो केलं.'

"मी!" ते म्हणत होते. "ज्याने या शब्दाचे इतके अर्थ लिहून ठेवलेत, त्या माणसाने! घाई होती. गाडी यायची वेळ झाली होती. कुणाची गाडी? माझं कोण येणार होतं त्या गाडीने?"

त्याच पावली ते कचेरीत गेले. मीही मागोमाग गेलो. हेडक्लार्क भला माणूस होता. त्याने कागद काढून दाखवला. "अक्षर तुमचंच आहे, मास्तर. आता तुम्हीच चूक म्हणालात, तर उद्या तुमच्या आजवरच्या सगळ्या कागदांवर शंका निघेल. आमच्यावरही निघेल. राहू द्या. एका शब्दाने काय होतं?"

"एका शब्दाने तो माणूस आत बसलाय," मास्तर म्हणाले.

"तो आत बसलाय ते भांडणामुळे. आणि नाडा शाबूत आहे. तुटला म्हणतो, ते खोटं आहे. नाडा जप्त करून आणलाय, बघायचा असेल तर बघा."

बाहेर आल्यावर मास्तरांनी आवाराला एक फेरी मारली. मग म्हणाले, "तुटला म्हणतो तो. मग तुटलेला नाडा कुठं गेला?"

मी रस्त्यापलीकडच्या कापसाच्या गाड्यांकडे बघत राहिलो. मास्तरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. मला ते विचारण्यापेक्षा जड गेलं.

होळी आली. नंदुरबारातही पेटली, दूर सातपुड्याच्या अंगावरही ठिपके दिसले. जेमा कोठडीत होता. त्याची बायको कचेरीच्या आवाराबाहेर झाडाखाली बसून असे. मास्तर रोज शाळेआधी तिच्यासाठी भाकरी घेऊन जात आणि ती खाईपर्यंत झाडाभोवती फिरत. ती एकदा मला म्हणाली, "हाऊ मास्तर फिरी फिरी पडी जाई. त्याले बसाले सांग." मी सांगितलं. ते बसले नाहीत.

सुनावणीच्या दिवशी प्रांतसाहेबांच्या कचेरीत कळसाडीची माणसं भरली होती. भाऊ पुढच्या बाकावर होता. मी त्याच्या मागे, दोन रांगा सोडून. रामदास जगला होता, पण त्याला आणता येत नव्हतं. जेमाला उभं केलं. त्याचा जबाब इंग्रजीत वाचून झाल्यावर मास्तर कोपऱ्यातून पुढे आले आणि काही बोलू देण्याची परवानगी मागितली.

साहेब पन्नाशीचे, लालबुंद, उन्हाने कावलेले. पुढचं सगळं इंग्रजीत झालं. माझं इंग्रजी बेतास बात, पण मास्तर इतकं सावकाश आणि सोपं बोलले की मला एकेक शब्द कळला.

"हे भाषांतर माझं आहे," ते म्हणाले. "चुकीचं आहे."

"तुम्ही शिक्षक आहात ना?"

"हो. सतरा वर्षं हाच शब्द शिकवतोय."

कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. "मग चुकलात कसे?"

"मला घाई होती. चुकीला दुसरं कारण नाही." मास्तर साक्षीदाराच्या लाकडी कठड्याच्या आत इकडून तिकडे हलत होते. दोन पावलांची जागा, त्यात त्यांची येरझार चालली होती. "साहेब, तुमच्या भाषेत हा शब्द मुळात पिळण्याचा होता. फार जुन्या काळी..."

मला वाटलं, आता हे रनाळ्याच्या कुंभारापर्यंत जाणार. साहेबांनी हात वर केला. "मास्तर, मला शब्दाचा इतिहास नको आहे. टोपल्याचा हवा आहे."

मास्तरांनी एकदा कपाळ पुसलं. मग म्हणाले, "बरोबर आहे. टोपल्याचं सांगतो. आमच्याकडे थकलेला माणूस खाटेवर अंग टाकतो. तो ते फेकत नाही. त्याला ते उभं धरवत नाही. हा माणूस जे बोलला ते तेच. मला धरवेना, मी सोडलं. फेकण्याला याच्या बोलीत वेगळा शब्द आहे. तो त्याने वापरलेला नाही. आत्ता इथं त्यालाच विचारा."

साहेबांनी हेडक्लार्कला खूण केली. हेडक्लार्कने विचारलं, "टोपलं फेकं का तू?"

जेमा पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. "फेकं नई. फेकाले काय झायं? नाडा तुटना. टोपलं काठवर व्हतं, मी वाकी धरं. पायखालनी माटी सरकनी. मी 'सरक, सरक' म्हनी वरडनू. मंग टाकी दिन्हं. धरी ऱ्हातू ते मी बी त्याना वर पडतू."

मास्तरांनी ते इंग्रजीत सांगितलं. एकही शब्द मागेपुढे न करता.

साहेबांनी ते ऐकलं. मग टेबलावर ठेवलेल्या नाड्याकडे बोट केलं. पिवळा, नवाकोरा. "सोडलं, असं मानू. पण का सोडलं? नाडा तर माझ्यासमोर आहे. कुठंही तुटलेला नाही."

मास्तरांनी मान वळवून लोकांकडे पाहिलं. त्यांची नजर रांगारांगांवरून आली आणि माझ्यापाशी थांबली. त्यांना माझं नाव घेता आलं असतं. 'त्या माणसाला विचारा,' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. ते काहीच म्हणाले नाहीत. कठड्यावर दोन्ही हात ठेवून ते उभे होते. त्यांचे पाय हलत नव्हते, हात काही पिळत नव्हते. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

माझ्यासमोर भावाची मान होती. मागून दिसणारी, उन्हाने काळी पडलेली, लहानपणी जिच्यावर बसून मी तापी ओलांडली होती ती. मी त्या मानेकडे पाहत उठलो.

"साहेब, हा तो नाडा नाही," मी म्हणालो. मराठीतच म्हणालो. "तुटलेला नाडा आमच्या गोठ्यात आहे. तो जुना झालाय हे मला माहीत होतं. माझ्या भावालाही माहीत होतं."

भावाने मान वळवली नाही.

संध्याकाळच्या आत शिपाई कळसाडीहून नाड्याचे दोन तुकडे घेऊन आले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी जेमाला सोडलं. भावाला सगळ्यांदेखत उभं करून जे बोलायचं ते बोलले, त्यापलीकडे शिक्षा केली नाही. भावाला तेवढंच फार झालं. आवाराबाहेर तो माझ्या अंगावरून गेला. थांबला, जमिनीकडे बघत म्हणाला, "आजपाइन कळसाडीले येऊ नको," आणि गाडीत बसला.

मास्तर माझ्याजवळ आले. शाबासकी दिली नाही. "चला, थोडं चालू," एवढंच म्हणाले. आम्ही स्टेशनच्याही पुढे गेलो.

कचेरीने त्यांना पुन्हा कागद दिले नाहीत. वर्गातही त्यांचा तो शब्द बंद झाला. धड्यात 'थ्रो' आला की ते पुढच्या ओळीवर जात आणि मुलांनी विचारलं की व्हरांड्यात निघून जात. समासात लिहिलेला तो कोशही नंतर मी त्यांच्या खोलीत पाहिला नाही. त्यांची येरझार मात्र वाढली. दिवाळीच्या सुट्टीत ते एकटेच पायी खापरकडे गेले, तिथून डोंगरात, जेमाच्या पाड्यावर. परत आले ते काटकुळे होऊन, पायांना फोड घेऊन.

"काय केलंत तिकडं?" मी विचारलं.

"काही नाही. माफी मागायला गेलो होतो. त्याच्या बायकोनं अंगणात घोंगडी टाकली, आणि..." त्यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "बसलो. दिवसभर बसलो. जेमा म्हणाला, मास्तर, तू लिहिलं चुकीचं, पण आलास बरोबर."

पुढच्या जूनला शाळा उघडली तेव्हा मास्तर आले नाहीत. हेडमास्तरांकडे राजीनाम्याचं चार ओळींचं पत्र होतं, त्यावर ठिकाण नव्हतं. खोलीच्या मालकिणीला विचारलं, स्टेशनमास्तरला विचारलं. ते सुरतेकडे गेले की भुसावळकडे, हेही कुणाला सांगता आलं नाही. मी मैदानावर मुलांना ड्रिल द्यायचो आणि मध्येच उजवीकडे बघायचो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, एका दुपारी, शाळेच्या फाटकाशी भाऊ उभा दिसला. धोतर मातीने माखलेलं. दोन वर्षांत आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. मी शिट्टी खिशात टाकून गेलो. रामदास कसा आहे, मी विचारलं. लंगडतो, पण चालतो, तो म्हणाला. मग बराच वेळ फाटकाची कडी वर-खाली करत राहिला.

"विहिरले पानी लागनं," तो म्हणाला. "गोड शे. पेवाले ये."

मी फाटक उघडलं.

"जेमाले परत बलावं मी. सोता गवू त्याना घर. तो सोतानाच नाडा लई उना. मन्हा नाडाले हात नई लावस." भाऊ किंचित हसला. "त्यानीच लावं पानी." आणि निघताना वळून म्हणाला, "त्या मास्तरले बी लई ये."

मास्तरांना आणायचं कुठून, ते तर शाळा सोडून गेले, हे मी त्याला तिथं सांगितलं नाही. रविवारी प्रकाशाला तापी ओलांडून मी कळसाडीला गेलो. विहिरीच्या काठावर जेमा आणि त्याची बायको नाडा गुंडाळत होते. रामदास काठी टेकून उभा होता. जेमाने माझ्या मागे, मास्तर कुठं आहेत म्हणून, वाटेकडे पाहिलं.

"मास्तर कथा शे?"

"गया," मी म्हणालो.

"कथा?"

"माहीत नई."

जेमाने बादली सोडली, भरून वर काढली आणि माझ्यासमोर धरली. मी ओंजळ पुढे केली. पाणी गार होतं, मातीचा वास अजून गेला नव्हता. पोट भरलं तशी मी ओंजळ काढून घेतली. जेमाने बादली तशीच कलती धरून ठेवली होती.

"त्याना वाटानं बी तूच पी ले, भाऊ," तो म्हणाला.

मी पुन्हा ओंजळ धरली.